मागच्या सीटवरून पाहिलेली भाड्याची मोटारसायकल : पुणे, महाबळेश्वर, महाड, भोर

मोटारसायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांविषयीचे जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक चालवणाऱ्याने लिहिलेले असतात. इंजिन कसे आहे, ब्रेक कसे लागतात, गाडी ॲव्हरेज किती देते, एवढे त्यांत असते. मागे बसलेल्या माणसाचा दिवस कसा गेला हे क्वचितच कोणी लिहितो. आम्ही नवरा-बायकोने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी पुण्याहून निघून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, वरंधा घाट, भोर आणि परत पुणे असा ३०९ किलोमीटरचा फेरा एका दिवसात पूर्ण केला, आणि तो सगळा मी मागच्या सीटवर बसून केला. गाडी सातारा रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण एका दिवसाच्या अनुभवावरून कोणाच्या धंद्याचा निकाल लावणे मला पटत नाही. परंतु दोघांनी घाटात जायचे असेल तर अशा दुकानात काय पाहून घ्यावे आणि काय मागून घ्यावे, हे मात्र सविस्तर लिहिते.

आमची स्वतःची मोटारसायकल बारा वर्षांपूर्वी विकली. त्यानंतर घरात स्कूटर आली, मग कार आली, आणि घाटातले रस्ते आम्ही काचेआडून पाहू लागलो. वर्षातून दोन-तीन दिवसांसाठी नवी गाडी विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे शहाणपणाचे, असे ठरवून चार दुकानांत चौकशी केली. त्यांपैकी दोन ठिकाणी पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याच भाड्याने देत होते, तेथून लगेच परतलो. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. ती नसतील तर गाडी परवान्याशिवाय दिली जात आहे असे समजावे आणि अपघात झाल्यास विम्याचे काय होईल याचा विचार करावा. ज्या दुकानातून अखेर गाडी घेतली तेथे पाटी काळी होती, विमा आणि पीयूसी चालू तारखेचे होते, आणि चोवीस तासांचे भाडे १,५०० रुपये, अनामत ३,००० रुपये, २५० किलोमीटरच्या पुढे प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये, हे सगळे छापील पावतीवर लिहून मिळाले.

गाडी आदल्या संध्याकाळी आठ वाजता ताब्यात घेतली, हा आमचा सर्वांत चांगला निर्णय ठरला. पहाटे घाईत गाडी उचलली असती तर पुढे ज्या गोष्टी लिहिणार आहे त्यांतली एकही पाहायला उसंत मिळाली नसती. शिवाय दुसऱ्या दिवशी आठच्या आत परत द्यायची असल्याने आम्ही साडेपाचला निघालो आणि रेंगाळलो नाही.

गाडी होती रॉयल एन्फिल्डची मीटिऑर ३५०, पाठीला टेकण आणि पुढे वारा अडवणारी काच असलेली. ३४९ सीसीचे इंजिन, सुमारे २० अश्वशक्ती, वजन १९१ किलो, पेट्रोलची टाकी १५ लिटरची. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि दोन्हींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. अशी माहिती कोठेही मिळते. मला सांगायचे आहे ते पुढचे. गाडी ताब्यात देणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने पावती केली, नवऱ्याचा वाहनपरवाना पाहिला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण बॅगा धरून तुमचं दोघांचं वजन किती होईल?" मी सांगितले, एकशे चव्वेचाळीस किलो. त्याने एक आकड्यासारखा वाकडा पाना आणला, गाडीच्या मागे उकिडवा बसला, आणि शॉकअब्जॉर्बरच्या स्प्रिंगखालची खाचांची कडी पान्याने धरून फिरवली. एक खाच, दुसरी खाच, तिसरी खाच, प्रत्येक वेळी स्पष्ट टक् असा आवाज. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेवढ्याच तीन खाचा. या गाडीच्या स्प्रिंगला अशा सहा खाचा असतात; वरची खाच लावली की स्प्रिंग जास्त दाबून बसते आणि जास्त वजन पेलते. एकटा माणूस जाणार असेल तर दुसरी पुरते, आमच्यासाठी त्याने पाचवी लावली. नंतर आम्हा दोघांना बसवून गाडीचा मागचा भाग किती दबतो ते पाहिले, आणि मागच्या टायरमध्ये गाडीवरच्या स्टिकरवर दोन माणसांसाठी लिहिलेली हवा भरली.

ही दहा मिनिटे या दुकानाची खरी गुणवत्ता आहे असे मी मानते. स्प्रिंग एकट्याच्या मापावर ठेवून दोघे बसले की गाडी मागून खाली बसते, पुढचे चाक हलके होते, दिव्याचा झोत रस्त्याऐवजी झाडांवर जातो, आणि प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग तळाला टेकून तो धक्का थेट मागच्या माणसाच्या मणक्यात उतरतो. पुढच्याला हे फारसे कळत नाही, कारण तो दोन्ही चाकांच्या मध्ये असतो; मागचा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही याच महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हा परत येऊन दोन दिवस माझी कंबर धरली होती. स्प्रिंगला खाचा असतात हे त्या वेळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडले. चालवणाऱ्यासाठी दिलेले हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय चिन्हाचे आणि बऱ्यापैकी नवे होते. माझ्यासाठी पुढे केलेले हेल्मेट अर्धे होते आणि दोन मापे मोठे होते. पट्टा आवळूनही ते एका बोटाने कपाळावर मागे सरकत होते. लहान माप दुकानात नव्हतेच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, आणि पडताना डोके आपटण्याचा धोका दोघांना सारखाच असतो, तरी मागच्याला उरलेसुरले द्यायचे ही रीत बहुतेक ठिकाणी दिसते. मी घरचे, माझ्या स्कूटरचे पूर्ण हेल्मेट वापरले. ज्यांच्याकडे स्वतःचे नसेल त्यांनी मापाचे हेल्मेट मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नये.

आणखी दोन गोष्टी तेव्हाच डोळ्यांत भरल्या होत्या. मागच्या उजव्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबकळणाऱ्या ज्या कापडी बॅगा त्यांनी दिल्या, त्यांतल्या उजवीकडच्या पट्ट्याची कडी तुटून तेथे नायलॉनची दोरी बांधलेली होती. मुलगा म्हणाला, "दोरी पक्की आहे ताई, काही होत नाही." मी दोन्हींचे फोटो काढून ठेवले. ते पुढे उपयोगी पडले.

बुधवारी पहाटे महामार्ग मोकळा होता. खंबाटकी घाट अंधुक उजेडात चढलो, सुरूर फाट्याला वळलो आणि साडेसातच्या सुमारास वाईत मिसळ खाल्ली. या पहिल्या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ट्रकच्या बाजूने जाताना बसणारा वाऱ्याचा धक्का समोरच्या काचेमुळे पुष्कळ कमी झाला, एवढेच नोंदवते.

पसरणी घाटात मात्र दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाला. वाईच्या बाहेर रस्ता वर चढू लागला की उजवीकडे खाली कृष्णेचे खोरे उघडत जाते, आणि वरच्या वळणांवरून धोम धरणाचे पाणी सकाळच्या धुक्याखाली पसरलेले दिसते. कारमध्ये बसून हे खोरे तुकड्यातुकड्यांनी दिसते, मध्ये छताची कड येते, दाराचा खांब येतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला रस्ता पाहण्याची सक्ती नसते, म्हणून ते सलग दिसते. एकूण तीनशे पस्तीस किलोंचा भार २० अश्वशक्ती ओढत होत्या, तेव्हा चढाला वेग अर्थातच बेताचा होता. नवऱ्याने तिसऱ्या गिअरवर गाडी एका लयीत ठेवली आणि कोणाला मागे टाकण्याच्या भानगडीत पडला नाही. मला तोच वेग आवडला.

दोघांनी वळणे घेण्याची एक रीत असते, ती आम्ही घरीच ठरवून घेतली होती. गाडी ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्या त्याच्या खांद्यावरून मी पुढे पाहायचे. तेवढे केले की अंग आपोआप गाडीबरोबर कलते, वेगळे काही करावे लागत नाही. वळणाच्या मधोमध हलायचे नाही, बॅग सावरायची नाही, फोन काढायचा नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घे, दोन थापा म्हणजे जागा मिळेल तेथे थांब. आमच्या हेल्मेटमध्ये बोलण्याची यंत्रे नव्हती, आणि वाऱ्यात ओरडून बोललेले अर्धवट ऐकू येते, ते घाटात धोक्याचे असते. दिवसभरात दोन थापांची वेळ चार वेळा आली. दोनदा पाण्यासाठी, एकदा पायाला मुंग्या आल्या म्हणून, आणि एकदा जळका वास आला म्हणून.

पाचगणी न थांबता ओलांडली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला हातमोजे काढून गरम चहाचे पेले तळहातात धरून उभे राहिलो, कारण साडेतेराशे मीटरच्या आसपासची डिसेंबरची थंडी मोटारसायकलवर दुप्पट लागते. मागच्या माणसाला वारा कमी लागतो असा समज आहे. छातीला कमी लागतो हे खरे, परंतु गुडघे आणि दंड उघड्यावरच असतात. माझ्या बॅगेत विंडचीटर होते म्हणून निभावले.

आता आंबेनळी घाटाविषयी थोडे निवांतपणे लिहिते, कारण या फेऱ्याचा सगळा अर्थ मला त्या चाळीस किलोमीटरांत सापडला. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे निघाले की आरंभी दाट झाडीतला रस्ता लागतो, त्यावर दहा-साडेदहापर्यंत ऊन पोचत नाही आणि दवाने डांबर काळे दिसते. मग झाडी विरळ होते आणि एका वळणावर जावळीचे खोरे एकदम समोर येते, रांगेमागे रांग, शेवटची रांग आकाशाच्या रंगाची. पुढे कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा येतो. गड पाहायला निदान अर्धा दिवस हवा, म्हणून आम्ही वर गेलो नाही. खालूनच बुरूज पाहिले, चहा घेतला आणि निघालो. या फाट्यानंतर रस्ता खऱ्या अर्थाने उतरू लागतो. तासाभरापूर्वी बोटे गारठली होती तेथे जॅकेटची चेन उघडावी लागते, झाडांची जात बदलते, हवेला ओलसर उबदार वास येऊ लागतो. महाबळेश्वरच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरून पोलादपूर, महाडकडे जाते. म्हणजे नदी आणि आपण एकाच गावाला निघालेलो असतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट ठिकठिकाणी खचला होता. दरीकडच्या नव्या संरक्षक भिंती पाहिल्या की त्या पावसाची कल्पना येते.

उताराला मागच्या माणसाचे काम वाढते. ब्रेक लागला की अंग पुढे घसरते, हेल्मेटवर हेल्मेट आपटते, आणि सगळा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर व मनगटांवर जातो. यासाठी नवऱ्याने गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि वेग इंजिनाच्या ओढीवरच आवरला. ब्रेक वळणाच्या आधी थोडा आणि वळणात जवळजवळ नाही. मी गुडघ्यांनी पकड ठेवली, पाठ टेकणाला लावली, आणि तीव्र उतारावर एक तळहात पुढे टाकीवर दाबून धरला. ते टेकण नसते तर हा घाट मला सुखाचा झाला नसता, हे नक्की. उजव्या पायट्याच्या झिजलेल्या रबराने मात्र येथे त्रास दिला. पाय जरा भिजलेला असला की बूट सरकायचा, आणि दर दोन वळणांनी तो पुन्हा नीट ठेवावा लागायचा. समोरून चढणारी एसटी दिसली की आम्ही अलीकडेच कडेला थांबत होतो. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा नियम आहे, आणि तीव्र वळणावर एसटीला दोन्ही बाजूंचा रस्ता लागतोच. एका चालकाने जाताना हात वर केला, त्याने बरे वाटले.

जळका वास आला तो पोलादपूरच्या थोडे अलीकडे. मी दोन थापा दिल्या. उतरून पाहतो तर नायलॉनची दोरी ताणून सैल झाली होती, उजवीकडची बॅग बोटभर खाली येऊन सायलेन्सरला टेकली होती, आणि तिच्या तळाला तळहाताएवढे भोक पडले होते. आतला टॉवेल कडेने काळा पडला होता; विंडचीटर तेवढ्यापुरते माझ्या अंगावर होते म्हणून वाचले. पाच-दहा मिनिटे उशीर झाला असता तर काय झाले असते, हा विचार मी त्या दिवशी पुष्कळ वेळा केला. बॅग सोडली, सामान डावीकडच्या बॅगेत आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीत कोंबले, आणि पुढचा सगळा प्रवास पाठीवर ओझे घेऊन केला. सुटी बॅग भाड्याच्या गाडीवर घ्यायची असेल तर सायलेन्सरच्या बाजूला लोखंडी आधार आहे का ते पाहावे. आधार नसेल तर बॅग नाकारावी. "काही होत नाही" या शब्दांवर मी तरी पुन्हा विसंबणार नाही.

महाडच्या अलीकडे सावित्रीवरच्या पुलावरून जाताना दोघेही गप्प होतो. येथला जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि वरून जाणाऱ्या एसटी गाड्या नदीत गेल्या. आताचा पूल २०१७ मध्ये झाला. महाडमध्ये एका साध्या खानावळीत सुरमईचे ताट जेवलो आणि चवदार तळ्याच्या काठी वीस मिनिटे सावलीत बसलो. दुपारी तेथे ऊन असे होते की सकाळची थंडी खोटी वाटावी.

वरंधा घाट चढायला लागलो तेव्हा सव्वादोन झाले होते. बिरवाडी, वरंध, माझेरी अशी गावे मागे पडत जातात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. रस्ता तिच्यावर नेमका कोठून जाणार हे शेवटपर्यंत कळत नाही. आंबेनळीच्या मानाने हा रस्ता अरुंद, आणि रुंदीकरणाचे काम चालू असल्याने मधूनमधून खडी पसरलेली. अशा जागी वेग कमी करून गाडी सरळ ठेवायची आणि दोघांनीही अंग सैल सोडायचे. पाचव्या खाचेचा उपयोग मला सर्वांत जास्त येथे जाणवला: खडबडीत पट्ट्यावर धक्के बसत होते, पण एकदाही स्प्रिंग तळाला लागली नाही. वर वाघजाईच्या देवळाशी टपऱ्या आहेत. गरम कांदाभजी आणि चहा घेतला, कठड्यापाशी उभे राहून ज्या कोकणातून चढून आलो ते खाली पाहिले, आणि माकडांनी भजीचा अर्धा कागद पळवला तरी कोणाची तक्रार नव्हती. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट प्रशासन अनेकदा वाहतुकीला बंद ठेवते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात हा फेरा ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

घाटमाथ्यानंतर नीरा देवघर धरणाच्या पाण्याकाठून जाणारा भोरपर्यंतचा रस्ता हा या दिवसाचा सर्वांत शांत भाग. उन्हे कलली होती, पाण्यावर डोंगरांच्या सावल्या होत्या, रहदारी जवळजवळ नव्हती. येथे नवऱ्याने प्रथमच मान किंचित मागे वळवून विचारले, "दमलीस का?" मी एक थाप दिली. त्याने वेग आणखी कमी केला.

सव्वासातला दुकानात पोचलो. सकाळी टाकी पूर्ण भरली होती, वाटेत एकदाही पेट्रोल घ्यावे लागले नाही. परत देताना भरले तेव्हा ९ लिटरच्या आत बसले. जास्तीच्या ५९ किलोमीटरांचे २९५ रुपये पावतीप्रमाणे झाले, त्याविषयी काही म्हणणे नाही. बॅगेचे मात्र आधी ८०० रुपये अनामतीतून कापणार असे सांगण्यात आले. मी आदल्या रात्रीचे फोटो दाखवले. मुलाने मालकांना फोन लावला, मालकांनी माझ्याशी स्वतः बोलून दिलगिरी व्यक्त केली, आणि दोन दिवसांनी अनामत किलोमीटरचे पैसे वजा करून परत आली. हे न्यायाने झाले. तरीही फोटो नसते तर काय झाले असते हा प्रश्न राहतोच, आणि दुरुस्त न केलेले सामान ग्राहकाला देऊ नये ही अपेक्षा फार मोठी नाही.

गाडीची निगा आणि वजन विचारून केलेली जुळणी, यांसाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार देईन. मागच्या माणसाला दिलेले हेल्मेट, पायटा आणि बॅग यांसाठी दोनपेक्षा जास्त देता येत नाहीत. फेब्रुवारीत आम्ही ताम्हिणीमार्गे माणगावला जाणार आहोत आणि याच दुकानात हीच गाडी सांगून ठेवली आहे. हेल्मेट माझे, बॅग पाठीवरची. पायट्याचे नवे रबर बसवल्याचा फोटो त्या मुलाने कालच पाठवला.